चौदा ब्रास

वेटिंग चार ते सात, शुक्रवारी दुपारपर्यंत तेच.
सात माणसांना ताप यायला हवा होता,
निदान सासरचं बोलावणं.
पण सगळी ठणठणीत निघाली
आणि गाडी जोधपूरकडे गेली.

तंबू घेऊन झाला होता, जुन्या बाजारातला, एक खुंटी कमी.
इरावतीच्या उन्हाच्या टोपीला अजून लेबल होतं,
ती विचारत राहिली, परत घेतील का.
गोसावीनं साहेबाला मावसबहिणीचं लग्न सांगितलेलं,
त्यामुळे सोमवारपर्यंत
त्याला पुण्यात कुणाला दिसायची सोय नव्हती.

नझीर म्हणाला, मग माझ्या साइटवर चला.
काल चौदा ब्रास उतरलीय.

उंड्रीच्या पुढं, जिथं रस्त्याचं अजून ठरत नाही
गावात जायचं की शहरात,
सात मजल्यांच्या सांगाड्यापाशी
करडा ढीग, दीड माणूस उंच.
आम्ही चपला काढल्या, देवळात काढतात तशा,
आणि चढलो.
ही नदीची नाही, नझीर म्हणाला, नदीची आता मिळत नाही.
ही क्रश. खाणीतली.
म्हणजे आपलीच कुठली तरी टेकडी
दळून आणलेली.
टोचत होती. घसरत नव्हती,
नुसती खचत होती.

उंट नव्हता. मिक्सर होता,
मान वर करून बसलेला.
शटरिंगच्या फळ्यांवर शेकोटी पेटली
तर नझीर राखेतून खिळे वेचत बसला,
म्हणाला, माझ्या नावावर आहेत.
भेळ होती. वाळू भेळेत होती.
गोसावी वाळवंटातल्या ताऱ्यांबद्दल बोलू लागला,
वर पाहिलं, तर लोहगावकडे उतरणारं विमान,
आणि त्याच्या मागं एक तारा, विमानासारखाच,
फक्त हलत नव्हता.

अकराच्या सुमाराला भूराराम आला.
टाइल्सचं काम करतो, झोपतो दुसऱ्या मजल्यावर,
ज्याला अजून भिंती नाहीत.
गाव बाडमेरच्या पलीकडे. तीन वर्षं गेला नाही.
आम्ही चौघं त्याच्याकडे बघू लागलो,
वेटिंगवाले कन्फर्मवाल्याकडे बघतात तसे.
त्यानं मूठ भरली, बोटं सैल केली,
वाळू पडली नाही, लगदा होऊन तिथंच बसली.
ही वाळू नाय ताई, तो म्हणाला. हे दगडाचं पीठ.
आमची हातात थांबत नाय.

मग तो खाली गेला. वाटलं, झोपायला.
परत आला तो दातेरी थापी घेऊन,
टाइलखालच्या सिमेंटवर रेघा ओढतात, ती.
ढिगाच्या अंगावर, शेंड्यापासून पायापर्यंत,
गुडघ्यांवर मागं मागं सरकत
तो लाटा ओढत गेला,
एकीला एक चिकटून, कुठं जरा वाकवून,
जिथं त्याच्या मते वारा वळला असता.
त्याचं आटोपेपर्यंत शेकोटीत कुणी फळी घातली नाही.
हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात
ढीग इतका दूरचा दिसला
की इरावतीनं टोपी घातली,
रात्री बाराला, लेबलासकट.

इथं वारा हे काम करत नाय, भूराराम म्हणाला.
आणि लाटांवर पाय न देता, कडेकडेनं,
आपल्या बिनभिंतींच्या खोलीत गेला.
आम्ही तंबूत गेलो नाही.
लाटा मोडतील म्हणून खालीच,
विटांच्या चवडीला टेकून, अवघडून झोपलो.

साडेसातला घमेली वाजली.
पहिलं फावडं नेमकं कुठं पडलं ते मी पाहिलं नाही,
मी तंबूची घडी घालत होते, ती पिशवीत मावेना.
नझीर सांगतो, तो सगळा माल
सी विंगच्या प्लास्टरला गेला.
गोसावी सोमवारी कामावर गेला
आणि लग्नाचं जेवण कसं होतं ते सविस्तर सांगितलं.

माझ्या खात्यात तिकिटाचे पैसे आले, कापून.
किती कापले ते मी बघितलं नाही.
गाद्या उन्हात टाकताना, पलंगाखाली, अजून,
करडं काहीतरी
केरसुणीला लागतं.