शुक्रवारचं वाचन

तुयेच्या इगर्जीत सकाळी साडेसहाची मिस,
आणि कोरेज्मातल्या शुक्रवारी वाचन माझं.
पुस्तक रोमी लिपीत. मी शिकले मराठी शाळेत.
म्हणून आदल्या रात्री उतारा देवनागरीत काढून घेते,
पाय काढायचे तसा, त्यांच्याच वहीत.

(वडिलांना आम्ही पाय म्हणतो.
ते गेल्यावर वाटणीत मला ही वही आली.
बोस्त्यांवला वहीचं काही पडलेलं नव्हतं.
त्याला हवी होती विहीर.)

विहीर काही कापता येत नाही.
पण त्यानं चिऱ्यांची भिंत थेट काठापर्यंत आणली,
मग तुळई टाकून काठावरून पलीकडे नेली.
आता आभाळ अर्धं त्याच्या पाण्यात, अर्धं माझ्या.
राहाट दोन.
तीन वर्षं बोलणं नाही.

या शुक्रवारचा उतारा उघडला नि मला हसूच आलं.
भावांनी धाकट्याला धरून
कोरड्या विहिरीत टाकलं, ती गोष्ट!
म्हटलं, देवा, तुला उशीर होतो, पण नेम चांगला.
तिसऱ्या बाकावर, खांबाजवळ बसतो बोस्त्यांव.
'विहीर' म्हणताना थांबायचं,
मान वर करायची,
आणि त्याच्याकडेच बघायचं.
त्या शब्दाखाली पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या.

दिवसभर काजू सोललेली बोटं,
चिकानं काळी, कितीही घासा.
वहीच्या कडेला त्यांचे ठसे,
वडिलांच्या तपकिरीच्या डागांशेजारी.
मी अक्षरं जुळवत उतरवत गेले.
आणि पुढेच ते होतं:
त्याला खाली टाकून भाऊ जेवायला बसले.

एवढंच.
विहिरीतून हाका येत होत्या का,
घास कुणाच्या घशात अडला का,
तिथं काही लिहिलेलं नाही.
नुसतं, जेवायला बसले.

बाहरीनहून त्याचा फोन आला होता त्या वर्षी.
कंपनी बुडाली, पासपोर्ट अडकला, आठ महिने पगार नाही.
फिल्सू, म्हणाला, तुझ्या दोन पाटल्या ठेव कुठंतरी गहाण,
आलो की सोडवतो.
मी म्हटलं, बघते.
ताटात पेज होती, आणि करमलांचं लोणचं.
फोन ठेवला. पेज अजून गरम होती.

पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. वाक्य तिथंच.
आधी कितीदा वाचलं असेल मी ते,
पाय असताना, बाकावर बसून ऐकलंही असेल.
पाद्रीला निरोप धाडावा असं वाटलं, घसा धरलाय म्हणून.
घसा खरंच धरला होता.

सकाळी अकरा माणसं. खांबाजवळ बोस्त्यांव.
विहिरीपाशी मी थांबले नाही.
मान खाली घालून सरळ पुढे गेले,
आणि जेवणापाशी आवाज गेला.
वर पंखा कुरकुरत होता, तेवढंच ऐकू येत होतं.
कुणीतरी माझ्यासाठी खोकलं.
मग ते वाक्य मी पहिल्यापासून वाचलं, हळू,
आणि कुणाकडेही बघितलं नाही.

संध्याकाळी बादली सोडली.
खाली पत्र्याला पत्रा लागला.
त्याचीही पाण्यातच होती.
दोन्ही दोर ताणलेले, कुणी ओढेना.
भिंतीपलीकडे खाकरणं झालं.
मग, तीन वर्षांनी:
"त्या गावाचं नाव चुकीचं वाचलंस तू.
पाय त्यात 'थ' म्हणायचे."

मी म्हटलं, "बघते."
आणि माझा मलाच तो शब्द ऐकू आला.

ओले हात पुसून आत गेले, वही काढली,
त खोडला, थ केला.
वही परत फळीवर सारताना
मागच्या डब्याला धक्का लागला.
आत पाटल्या वाजल्या.