मालकाचे पूर्ण नाव

शुक्रवारचा बाजार आटोपून
म्हापशात, औषधाच्या दुकानावरचा जिना चढले.
बोटांना मिस्कुटाचा वास, पिशवीत उरलेल्या तीन बरण्या.
समोर सीए सिद्धी कोलवेकार,
माझ्या थोरलीहून पाचेक वर्षांनी मोठी असेल.

तिने कोऱ्या कागदावर चार चौकोन काढले.
एकल मालकी. भागीदारी. एलएलपी. कंपनी.
धंदा कशात बसतो ते बघू, काकी.
मी म्हटलं, सध्या न्हाणीजवळच्या खोलीत बसतो.

ती हसली नाही. घरपट्टी कुणाच्या नावावर?
सासऱ्यांच्या.
ते येतील सहीला?
ते जाऊन सोळा वर्षं झाली.
पण पावती त्यांच्याच नावाने फाटते,
आणि एकदाही थकलेले नाहीत.

कंपनीवर मी आधी बोट ठेवलं.
मला तिथे फिरती खुर्ची दिसत होती.
ती म्हणाली, एकटीचीही होते हल्ली,
पण दर वर्षी हिशोब तपासून द्यायचा.
काही विकलं नाही तर
विकलं नाही, हेही कळवायचं.
मला सासूबाई आठवल्या.
बोट काढलं.

एलएलपीला दोघं लागतात. जबाबदारी मर्यादित.
म्हणजे?
म्हणजे बुडालं तर घातलं तेवढंच जातं.
हे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं,
कारण आमच्या अंगणात ट्रक उभा आहे.
खाण बंद झाल्यापासून हललेला नाही,
टायर मातीत, केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
लग्नाच्या वेळी रजिस्ट्रारसमोर दोनदा सही केली,
तेव्हाच पुढे येणारा तो ट्रक अर्धा माझा ठरला होता.
मला ते बँकेच्या नोटिशीने सांगितलं.

मग बरण्याही अर्ध्या त्यांच्या?
लग्नाआधी वेगळं लिहून घेतलं नसेल, तर हो.
इथला कायदा तसा आहे.
पिशवीतल्या तीन बरण्यांचे मी मनात दोन वाटे केले.
मधली राहिली.

भागीदारीसाठी आवेलिना होती.
तिची बिंबलं, तिचंच माडाचं विनेगर,
माझा मसाला, माझं उन्हात उभं राहणं.
संध्याकाळी अस्नोड्याला पोचल्यावर कुंपणावरून विचारलं.
"कागद कित्याक गो? म्हयन्याक पयशे दिता, पुरो."
मग हात पुसत, हळूच,
"तुज्या ट्रकाचें रीण माजेर येवचें ना मूं?"
मी म्हटलं, कोण जाणे.
पंधरा वर्षं आम्ही त्या कुंपणावरून
वाट्या देतोय, ताप मोजतोय, भांडतोय.
त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं
की त्याला दोन बाजू आहेत.

घरी ह्यांना सांगितलं. टीव्ही चालू होता.
"कर तुला हवं ते," म्हणाले,
आणि थोड्या वेळाने, न बघता,
"माझं नाव घालू नकोस त्यात. माझ्या नावाला यश नाही."
मी भात वाढला. काय बोलणार.

पुढच्या शुक्रवारी पहिला चौकोन निवडला,
सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उघडा.
आवेलिनाला महिन्याला पैसे, वहीत तारीख घालून.
सिद्धी टाइप करत होती.
मालकाचे पूर्ण नाव, पॅनवर आहे तसं.
सुरंगी दत्ताराम पाळेकार.
ती थांबली. बोर्डावर तर तुम्ही वृषाली म्हणालात?

वृषाली मला तांदळात लिहून मिळालं,
परातीत, अंगठीने.
कागदांपर्यंत ते कधी गेलंच नाही.
घरात वृषाली, वाड्यावर वृषाली, आवेलिनाची वुसाली.
एकोणीस वर्षांत सुरंगी म्हणून
मला फक्त त्या नोटिशीने हाक मारली.

बदलायचं असेल तर वेळ लागेल, काकी.
राहू दे, म्हटलं.
फीपैकी थोडी बाकी, त्याबद्दल एक बरणी
तिच्या टेबलावर ठेवली. मधली.

जिना अर्धा उतरले होते.
वरून कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं,
"सुरंगीकाकी! एक सही राहिली!"
मी आणखी दोन पायऱ्या उतरले,
मग थांबले.