पायाचे पंख

खिडकीबाहेर कढीपत्त्याच्या शेंड्यावर
लिंबाळी पायांनी टपटप करते.
पानाची चव पायांनी घेतात ह्या;
पटलं तर एक अंडं, राळ्याएवढं,
ठेवून निघून जातात.

आत, लॅपटॉपवर,
थंड समुद्रातून मैत्रिणीनं पाठवलेली
गोगलगाईच्या कुळातली एक,
शंख काचेचा, मसुराहून लहान.
नाव सागरी फुलपाखरू.
हिनं काय केलं, तर पायाचेच
दोन पंख करून घेतले.
रांगणं सोडलं म्हणजे सोडलं.

बी.एस्सी.च्या मुलांना मी सांगते,
दोघींची तऱ्हा एकच बघा.
पंख पाठीवर टाळीसारखे मिटतात,
मग कडेकडेनं सुटत जातात
प्लास्टिकवरून ओला पापड सुटावा तसे.
टोकाची वाट आठाच्या आकड्याची.
इंग्रजी आठ. आपला नव्हे,
आपला खालून उघडाच राहतो.

फरक म्हणाल तर,
एवढ्याशा जिवाला पाणी म्हणजे
गुऱ्हाळातली काकवी.
लिंबाळी दमली की पानावर टेकते.
ही थांबली की बुडायला लागते,
समुद्रभर हिला पान नाही.

मुलं गेली. आदगोंडा मामा मागं बरण्या पुसत होते.
समडोळीचे. निवृत्तीला दोन वर्षं.
म्हणाले, मॅडम, ह्या धरल्या कशा?
म्हटलं, बारीक कापडाची लांब पिशवी
जहाजामागं ओढत न्यायची.
"म्हणजे पाणी गाळलं."
हो, तसंच.
"मग जिवाणी परत सोडली का?"

त्यांच्या घरी नळाला पांढरं फडकं असतं.
पूर्वी गाळून उरलेलं
ज्या आडाचं त्याच आडात,
भांडं पाण्याला टेकवून मग कलतं करायचं;
वरून ओतायचं नाही, जीव आपटतात.
आड बुजला. आता सायकल रोज
कृष्णेच्या पुलाशी थांबते,
हँडलला डब्याशेजारी झाकणाची कळशी.
कामाला दहा मिनिटं उशीर,
मस्टरवर लाल शाई, वर्षानुवर्षं.
मीच दोनदा बोलले होते.

मैत्रिणीची कुपी टेबलावर होती.
स्पिरीटमध्ये एक्केचाळीस,
पंख अर्धे उघडे,
टाळी अर्ध्यावर राहिलेली.
लेबलावर माझंच अक्षर, संख्येसकट.

मी काही बोलले नाही.
मामांनी फडक्याचं कोरडं टोक घेऊन
कुपी पुसली,
आणि उन्हातून हळूच
सावलीत सरकवली.