पुठ्ठ्यावरचा डाग

हॅनकॉक, मिशिगन. नोव्हेंबर.
काल संध्याकाळी सातला वीज गेली ती गेलीच.
सकाळी लेम्पीबाई कोस्केला आल्या, वय एक्क्याऐंशी,
नातवाच्या घसरगाडीवर जनरेटर दोरीने बांधून,
बर्फातून ओढत.
"चालतो," म्हणाल्या, "पण वास मारतो."

मी इस्पितळात रक्त तपासते. इंजिनं नाही.
पण मिरजेत माझी आई स्टोव्ह दुरुस्त करायची,
बावीस वर्षं, भाजीमंडईच्या तोंडाशी,
गुडघ्यावर गोणपाट टाकून.
तिचा एक हिशोब होता:
थेंब पडतो खाली, खोट असते वर.
आणि गळती शोधायची ती नाकानं, बोटानं,
काडी ओढून बघणारा दुसऱ्यांदा बघत नाही.

गॅरेजबाहेर, उघड्यावर,
जनरेटरखाली कोरा पुठ्ठा सरकवला.
हात खिशात घालून आम्ही दोघी थांबलो.
दहा मिनिटांत पुठ्ठ्यावर डाग,
मसूरडाळीएवढा, मग रुपयाएवढा.
नळीखाली नव्हता. टाकीखालीही नाही.
कार्ब्युरेटरच्या वाटीच्या बरोब्बर खाली.

ऑइलची कांडी काढली. पातळी खुणेच्या वर,
आणि ऑइलला पेट्रोलचा वास.
म्हणजे बाहेर गळत होतं ते थोडं,
आत कधीपासून मुरत होतं ते फार.
हे रक्तातही असंच असतं,
पण ते मी लेम्पीबाईंना सांगितलं नाही.

नळ बंद करायला हात घातला
तर नळ होताच उघडा, पुरता उघडा,
आणि त्याच्या शेजारी पिवळी पडलेली चिकटपट्टी,
पेन्सिलीनं एक शब्द. मला वाचता येईना.
"कीन्नी," त्या म्हणाल्या. "फिनिशमध्ये, बंद.
आर्वोनं लिहिलंय. दर वेळी बंद करायचा,
मग यंत्र चालू ठेवून वाटीतलं पेट्रोल संपू द्यायचा,
आपोआप विझेस्तोवर तिथंच उभा राहायचा, टोपी काढून."
थोडं थांबून:
"मार्चमधल्या वादळात मात्र
तो मध्येच आत आला. दमलोय म्हणाला."

मी काही बोलले नाही. वाटी सोडवली.
तळाशी मधासारखा पिवळा चिकट थर,
आठ महिन्यांचा.
तरंगत्या फ्लोटखालची सुई, टोकाला रबर,
रबर फुगलेलं, एका बाजूला खड्डा.
गॅस्केट चपटं होऊन पापडासारखं मोडलं.
जेटचं भोक एवढंसं,
त्यासाठी माझ्याकडे होती
आईची स्टोव्हची पिन, पत्र्याच्या मुठीची,
कस्टममधून सुईदोऱ्याच्या डब्यात आलेली.
आत घातली न् हलकेच फिरवली,
पितळ ओरखडायचं नाही, नुसतं विचारायचं.

नवी सुई, नवं गॅस्केट हार्डवेअरवाल्या टोइवोनेनकडे,
तो दुकान उघडून बसला होता कंदिलावर, रोख घेत.
नळीही बदलली, वाकवली तर तडे दाखवत होती,
आज नाही तर फेब्रुवारीत दगा दिला असता.
ऑइल सगळं काढलं, ताजं भरलं.
नवा पुठ्ठा.
नळ उघडला. आम्ही परत खिशात हात घालून.

पंधरा मिनिटं. वीस.
पुठ्ठा कोरडा.
लेम्पीबाईंनी वाकून त्यावर तळहात ठेवला,
ताप बघतात तसा.

तिसऱ्या ओढीला सुरू झाला.
घरापासून वीस फूट लांब, तोंड तळ्याकडे,
जाड वायर खिडकीच्या फटीतून आत,
फ्रीजला, आणि त्यांच्या ऑक्सिजनच्या पेटीला.

रात्री दीडला दिवे आले.
मी कोट चढवून खाली उतरले, म्हटलं नळ बघून यावं,
तर त्या आधीच तिथं, नाईटगाऊनवर पार्का,
नाकात नळी नाही, श्वास मोजत,
जनरेटर धपापत शेवटचे घोट पितोय.
त्यांनी नळ बंद केलेला होता.
तो विझेपर्यंत आम्ही उभ्या राहिलो.
टोपी त्यांनी काढली. मग मीही काढली,
कान गारठले.