अडीच मिलिमीटर

घड्याळ काढ, पट्टा काढ, कानातली बाळीसुद्धा.
ईलारी सगळं ट्रेमध्ये ठेवतो,
शेवटी खिशातून मासे पकडायचा एक गळ निघतो
आणि तो ओशाळतो.
"चुंबकाने ओढला असता ना?"
असता. माझ्या डोळ्यादेखत.

बाहेर औलू शहरात दुपारी अडीचलाच काळोख.
आत काचेमागे मी,
आणि नळीत तो, सोळा वर्षांचा,
पाय तेवढे बाहेर, मोजे दोन रंगांचे.

मशीन ठोकायला लागतं.
आधी हातोडा, मग करवत,
मग बंद दारावर कुणी बोटांची पेरं
वाजवतच राहावं, तसं.

गेल्या वर्षी फॉर्मवर त्याने लिहिलं होतं:
फ्रिजच्या गुणगुणीत कुणीतरी माझं नाव घेतं.
नेहमी नाही. मंगळवारी जास्त.
बसमध्ये मी चढलो की लोकांचं बोलणं थांबतं,
का थांबतं ते मला कळतं.
अक्षर फार सुरेख होतं.

पडद्यावर काप उतरू लागतात.
मेंदूची करडी साल, घडीवर घडी,
घाईत कपाटात कोंबलेल्या अंथरुणासारखी.
जाडी अडीच मिलिमीटर,
कुठे तीन, कुठे दोनसुद्धा भरत नाही.
या वयात ती पातळ होतेच, सगळ्यांची.
माझीही झाली असणार,
ज्या वर्षी मी केस निळे केले
आणि सहा महिने आईशी बोलले नाही.
मेंदू छाटणी करत असतो, माळ्यासारखा.
कधी कुणाकडे कात्री जरा जास्त चालते.
का, ते अजून कुणी नीट सांगत नाही.

वरच्या मजल्यावर डॉक्टर वुओरेलांकडे आलेख आहेत.
शेकडो पोरं इकडची, शेकडो तिकडची,
दोन टेकड्या, जवळजवळ एकमेकींवर चढलेल्या.
मध्ये फरक केसाएवढा.
केसाएवढा, पण आहे.
यातला ईलारी कुठला, मी एकदा विचारलं.
चष्मा पुसत त्या म्हणाल्या,
टेकडी मोजून दगड कळत नाही.

आणि बाकावर बाप, यार्को, मांडीवर थर्मास.
मघाशी पोराला आत नेताना
तो मला त्याच्याबद्दल काहीच विचारेना,
बर्फाबद्दल बोलत राहिला.
खाडी यंदा उशिरा गोठली.
चार बोटं भरली की माणूस चालतो,
पण जाडी कळते ती
जिथे भोक पाडलं तिथलीच.
पुढच्या जागेला पुन्हा गिरमिट लावायचं.
"पाच वर्षांचा होता तेव्हापासून नेतोय.
पुढे मी, मागे तो.
यंदा म्हणतो, मी पुढे चालतो."
झाकण घट्ट केलं. सैल केलं.
"चालू द्यावं?"

मी रेडिओग्राफर. फोटो काढणं माझं काम,
वाचणं नाही.
मी म्हटलं, दोर असतो का बरोबर?
असतो, म्हणाला.

सातव्या मिनिटाला ईलारीने हातातला फुगा दाबला.
मी मशीन थांबवलं.
स्पीकरमध्ये नुसता त्याचा श्वास.
"आत्ता तुम्ही ईलारी म्हणालात?"
नाही.
"मग मशीन असेल."
मशीन असेल.
"फक्त विचारायचं होतं," तो म्हणाला.
"आधी मी विचारत नव्हतो."

फाइलवर त्याचा नंबर असतो, नाव नाही, तसा नियम आहे.
शेऱ्यात मी लिहिलं: हालचाल. एक टप्पा पुन्हा घेतला.
त्याने विचारलं, हे लिहायला रकाना नव्हता.

ट्रे पुढे केला.
बाळी, पट्टा, घड्याळ.
गळाच्या टोकाला त्याने बूच खोचलं
आणि जपून खिशात टाकला.

काचेतून पार्किंग दिसतं.
दिव्याखाली भुसभुशीत बर्फ,
मुलगा पुढे, एकदाही मागे न बघता,
बाप मागे,
एका दोराएवढं अंतर राखून.