सातव्या मजल्यावरची जाबुतिकाबा

ओस्नीने एक वॉशिंग मशीन उघडलं
ते परत काही जोडलं नाही.
आतला पोलादी ड्रम बाल्कनीत ठेवून म्हणाला,
याला भोकंच भोकं आहेत, पाणी साचायचं नाही,
झुल्मिरा, तुझं ते रोप आण.

रोप तेव्हा रंगाच्या बादलीत होतं,
वीतभर. कोवळी पानं तांबूस,
मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखी.

मी जेनेझियो, या इमारतीचा रात्रीचा रखवालदार.
किल्ल्या माझ्याकडे, लिफ्टचा आरसा पुसायचं फडकं माझ्याकडे,
आणि जुलैत रेडिओ म्हणाला की कुरितिबात आज दंव,
की सातव्या मजल्यावरचा ड्रम आत घ्यायचा.
हे काम माझ्या कागदावर कुठेच नाही.

बाल्कनी ते चूल, नऊ पावलं.
पहिल्या हिवाळ्यात मी तो एका हातात नेला.
सातव्यात खाली चाकं लावावी लागली.
नवव्यात ओस्नी नव्हता,
चाकं मात्र त्याने त्याआधीच तेल घालून ठेवलेली.

नळाचं पाणी झाडाला चालायचं नाही,
पावसाचंच हवं, म्हणून बाल्कनीत सात पातेली.
कॉफीचा चोथा अख्ख्या मजल्याचा.
बागेतल्या पाइनच्या काट्याळ पानांचं पोतं मी आणायचो,
तळवे आठवडाभर चुरचुरायचे.
पाचव्या मजल्यावरचा वकील लिफ्टमध्ये पोत्याकडे बघून म्हणे,
बारा वर्षं? एवढ्यात माझी पोरगी डॉक्टर झाली.

फांदीच्या टोकाला काही शोधू नकोस, ती सांगायची.
हिला येतं ते अंगाला, थेट खोडाला,
फणसासारखं, पण बोराएवढं, काळं.
मिनासमध्ये माझी आत्या झाड तासावर भाड्याने द्यायची.
पैसे टाका, शिडी लावा, खा हवं तेवढं,
घरी न्यायचं नाही.
नेऊन तरी काय, दोन दिवसांत फळाची दारू होते.
मी खोडावरून बोट फिरवायचो.
साल पेरूसारखी सोलून निघालेली, खाली गुळगुळीत,
आणि बाकी काही नाही.

या वर्षी जूनमध्ये मुलगा गाडी घेऊन आला.
झॉइनव्हिलीला खोली तयार आहे म्हणाला, जिने नाहीत.
खुर्ची गेली, शिलाई मशीन गेलं, ओस्नीचे स्क्रूड्रायव्हर गेले.
ड्रम गाडीत तिरका घालून पाहिला, उभा घालून पाहिला.
ती मागच्या सीटवर बसून काच खाली करून म्हणाली,
पातेली उपडी ठेवू नकोस.

ड्रम आता माझ्या केबिनच्या मागे, गॅस सिलिंडरशेजारी.
सप्टेंबरच्या एका पहाटे मला वाटलं खोडाला बुरशी लागली.
बोटाने पुसायला गेलो.
बुरशी नव्हती. पांढरी फुलं होती, देठसुद्धा नाही,
बुंध्यापासून वर, कुणी पिठाचे हात पुसावेत तशी.

ऑक्टोबरात मोजली. एक्केचाळीस.
अकरा सहाव्या मजल्यावरच्या काउआनने खाल्ली,
चार पाखरांनी. एक वकिलाने, कुणी बघत नाही असं बघून.

रात्री दोनला फोन केला. तिला झोप नसतेच.
म्हटलं, पहिल्या बसने डबा पाठवतो.
नको, म्हणाली, आंबेल.
मग बराच वेळ गप्प. मागे तिकडे फ्रिज घरघरत होता.
मग म्हणाली, फोन तोंडाजवळ धर आणि एक फोड.

मी दातांत धरलं.
ठप्.

अजून एक, ती म्हणाली.
ठप्.

साल जाड आहे, ती म्हणाली, पाणी कमी पडतंय.