जोरबाय

दर दुसऱ्या मंगळवारी फेरीबोटीने चोडणला.
पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा, थर्मामीटर,
आणि दोन पेनं, कारण एक हमखास अडायचं
कपेलाच्या चढावर.

फॉर्मवर छापलेलं : ताप.
घरात म्हणायचे : जोर.
मी आजऱ्याहून लग्न होऊन आलेली.
पहिले दोन महिने वाटलं, काय दणकट पोरं या बेटावरची,
ज्याला त्याला जोर!
पुढे पोरंच मला हाक मारू लागली :
आली गे, जोरबाय आली.

तीनशे बारा मुलं. नावं लिहायची नाहीत, फक्त आकडे.
पण आकडा काही उंबऱ्यावर येऊन उभा राहत नाही.
उभी राहायची नाकात चिंचोका अडकवून घेतलेली,
गालगुंडांनी दोन्हीकडून फुगलेला,
कांजिण्यांच्या खपल्या काड्यापेटीत जमवणारा एक,
ज्याने त्या मला मोजून दाखवल्या.

तारीख कुणीच सांगत नसे.
सांजांवच्या आदल्या दिवशी जुलाब.
मानशीचं दार मोडून खाजनात खारं पाणी घुसलं, तेव्हा गोवर.
चंद्रावतीची म्हैस व्याली त्या रात्रीपासून खोकला.
म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी तक्ता केला :
सण, फेस्त, भरती, रेडकू,
आणि समोर इंग्रजी तारीख.
रेडकाच्या तारखेवरून दोन घरांत भांडण झालं,
तेव्हा दोन्ही लिहिल्या.

एस्पेरांसा कधीच कबूल करायची नाही.
ना गे, बरो आसा, म्हणायची दार अडवून,
आणि मागच्या खोलीत पोर डांग्या खोकल्याने
ओढ घ्यायचं, पहाटेच्या कोंबड्यासारखं.
मी 'नाही'ला गोल केला
आणि समासात एक कोंबडा काढला.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, निरीक्षण.

बावीस वर्षांनी अभ्यास संपला. कपाटं रिकामी होत होती.
फेरीबोटीवर साखळी सोडणारा पोरगा म्हणाला,
माझं पान दाखवशील?
एकशे एकोणीस. साईश.
मी झेरॉक्स काढून नेली.
बाकावर तो आधी डावीकडे बसला,
मग उठून उजवीकडे आला.
बोटाने मोजत गेला :
जुलाब अठरा वेळा. जोराचे एकशे सहा दिवस.
हांव इतलो दुयेंत? हसला. आई तर सांगते, कधी शिंकला नाहीस.

मग बोट थांबलं.
पाचव्या वर्षाचा पाऊस. चार चौकोन कोरे.
हांगा कितें?

त्या पावसात माझाच मुलगा म्हापशाच्या इस्पितळात होता,
प्लेटलेट वीस हजारांवर.
माझ्या जागी दुसरं कुणी पाठवलं नाही.
ऑफिसात अशा चौकोनाला म्हणतात : गहाळ.
नंतर संगणकाने ते भरले
वाड्यावरच्या इतर मुलांच्या सरासरीने.
सरासरी निरोगी होती.

त्याने कागदाची घडी घातली, परत उलगडली.
त्याच चवथीक म्हजो कान फुटिल्लो, म्हणाला.
पू यायचा. आईने खोबरेल घातलं.
एवढंच. आवाजात काही नव्हतं.
कुठला कान, हे मी विचारलं नाही.
तो जागा बदलून का बसला होता, ते आता कळलं.

पिशवीत हात घातला. पहिलं पेन चाललं नाही.
दुसऱ्याने चौथ्या कोऱ्या चौकोनात
जमेल तसा एक कान काढला.
त्याने वाकून पाहिला. काजूबी दिसता, म्हणाला.

धक्का आला होता. उजवीकडून एक स्कूटरवाला
कधीचा हॉर्न मारत होता.
मी साईशच्या कोपराला हात लावला.
तो उठला, साखळी सोडायला गेला.